उंचीची वाटणी : पास्विक नदीवरील सात जलविद्युत केंद्रे

बंधाऱ्याला दोन टोके असतात, आणि नदी हीच जेव्हा दोन देशांमधील सीमा असते तेव्हा त्यांपैकी एक टोक परक्या भूमीत रोवावे लागते. सीमेवरील नदीवर जलविद्युत केंद्र उभारताना जे प्रश्न उभे राहतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या साध्या वस्तुस्थितीत आहे. टर्बाइन, जनित्र, सांडवा, दरवाजे यांचे तंत्र शंभर वर्षांहून अधिक काळ अभियंत्यांच्या हाती आहे. परंतु ज्या पाण्याचा एक काठ एका राज्यसत्तेचा आणि दुसरा काठ दुसरीचा, त्या पाण्याच्या पडण्यातून निघणारी वीज कोणाची, त्यासाठी बुडणारी जमीन कोणाची आणि दरवाजा केव्हा उघडायचा हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हे कोणत्याही यंत्रशाळेत ठरत नाही. नॉर्वे, रशिया आणि फिनलंड यांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात, त्या उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडील प्रदेशात पास्विक नावाची नदी वाहते. तिच्यावर 1942 ते 1978 या काळात एकामागून एक सात केंद्रे उभी राहिली, आणि ती ज्या वाटणीच्या तत्त्वावर चालतात ते तत्त्व पाणीवाटपाच्या तंट्यांना सरावलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला काहीसे अनोळखी वाटावे असे आहे.

पास्विक नदीचा उगम फिनलंडमधील इनारी या विस्तीर्ण सरोवरात होतो. सरोवराचा पृष्ठभाग हजार चौरस किलोमीटरांहून मोठा असून तो समुद्रसपाटीपासून सुमारे 118 मीटर उंचीवर आहे. तेथून निघालेली नदी प्रथम रशियाच्या हद्दीत शिरते, पुढे बऱ्याच मोठ्या अंतरापर्यंत नॉर्वे आणि रशिया यांची सीमा होऊन वाहते आणि सुमारे 145 किलोमीटरांचा प्रवास संपवून किर्केनेस या नॉर्वेजियन गावाजवळ बारेंट्स समुद्राच्या एका खाडीत मिळते. फिनिश भाषेत तिला पात्सयोकी म्हणतात, रशियनमध्ये पाझ, आणि या प्रदेशातील मूळ रहिवासी असलेल्या सामी लोकांच्या बोलींत तिची आणखी वेगळी नावे आहेत. मूळची ही नदी म्हणजे एकसारखा उतार नव्हता; शांत, रुंद डोहांची एक रांग आणि त्यांना जोडणारे खळाळते उतार व धबधबे असे तिचे रूप होते. वीज निर्माण करू पाहणाऱ्याला असे रूप फार सोयीचे असते, कारण नदीची उंची थोड्या थोड्या ठिकाणी एकवटलेली असते आणि तेवढ्याच जागा बांधून काढल्या की काम भागते.

जलविद्युत केंद्राची क्षमता दोन गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून असते. दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याचे घनफळ ही पहिली. तिला विसर्ग म्हणतात. ते पाणी जितक्या उंचीवरून खाली येते ती उंची ही दुसरी, आणि अभियांत्रिकीच्या परिभाषेत तिला शीर्ष असे नाव आहे. सेकंदाला एक घनमीटर पाणी एक मीटर खाली आले तर त्यातून तत्त्वतः 9.81 किलोवॅट शक्ती मिळते, आणि टर्बाइन व जनित्रातील घट वजा जाता त्यातील नऊ दशांशांच्या आसपास विजेच्या रूपाने हाती येते. या हिशेबाने सेकंदाला 150 घनमीटर पाणी 10 मीटर उंचीवरून सोडले तर सुमारे 13 मेगावॅट वीज मिळेल. कोयना प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांत पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून चारशे मीटरांहून अधिक खाली कोकणाच्या बाजूला उतरवले जाते, त्यामुळे तेथे एवढीच वीज सेकंदाला तीन-साडेतीन घनमीटर पाण्यात निघते. पास्विकला सह्याद्रीसारखा कडा नाही. तिच्याकडे पाणी भरपूर आणि उंची जेमतेम आहे, आणि अशा नद्यांसाठी ऑस्ट्रियन अभियंता व्हिक्टर कप्लान याने 1913 च्या सुमारास शोधलेले, जहाजाच्या पंख्यासारखे दिसणारे आणि पाण्याच्या मानाने पात्यांचा कोन बदलणारे टर्बाइन उपयोगी पडते. कप्लानच्या टर्बाइनमुळे सात-आठ मीटरांचा उतारही मोठ्या प्रमाणावर वीज काढण्याच्या दृष्टीने अधिक किफायतशीर झाला.

या केंद्रांना पुढे लहान म्हटले आहे, तेव्हा ‘लहान’ हा शब्दही येथे स्पष्ट करून घेतलेला बरा. भारतात 25 मेगावॅटपर्यंतच्या केंद्राला लघु जलविद्युत केंद्र म्हटले जाते. अनेक देश ही मर्यादा 10 मेगावॅटवर ठेवतात. पास्विकवरील सर्वांत वरचे कायताकोस्की हे केंद्र सुमारे 11 मेगावॅटचे, मेल्केफॉस सुमारे 26 मेगावॅटचे आणि सर्वांत मोठे बोरिसोग्लेब्स्क 56 मेगावॅटचे आहे. सातही केंद्रांची बेरीज अडीचशे मेगावॅटच्या थोडी पुढे जाते, म्हणजे 1,960 मेगावॅटच्या कोयनेचा सातवा-आठवा हिस्साच भरेल. भारतीय व्याख्येत यांतले एखाद-दुसरेच बसेल. तरीही एकेका केंद्राचा आवाका, त्याचे कमी शीर्ष आणि धावत्या पाण्यावर चालण्याची त्याची रीत पाहता ही साखळी लहान केंद्रांच्याच जातकुळीची आहे.

आता वाटणीकडे वळता येईल. कृष्णा असो, गोदावरी असो वा नर्मदा, आपल्याकडील नदीतंटे टीएमसीमध्ये मोजले जातात, कारण तेथे भांडणाचा विषय शेती आणि पिण्यासाठी लागणारे पाणी हा असतो, आणि शेताला दिलेले पाणी खालच्या राज्याला पुन्हा मिळत नाही. वीजनिर्मितीत पाणी खर्च होत नाही. टर्बाइनमधून गेलेला प्रत्येक थेंब खालच्या बाजूला जसाच्या तसा बाहेर पडतो आणि पुढच्या केंद्राला पुन्हा वापरता येतो. तिलारीच्या खोऱ्यात महाराष्ट्राच्या हद्दीत वीज निर्माण करून मोकळे झालेले पाणी पुढे धरणात जाते आणि तेथून गोव्याच्या कालव्यांना मिळते, ते याच कारणाने. खर्च होते ती उंची. एका केंद्राने 20 मीटरांचे शीर्ष वापरले की ते 20 मीटर त्या नदीपुरते संपले, इतर कोणालाही ते पुन्हा वापरता येत नाहीत. म्हणून विजेसाठी नदी वाटायची असेल तर टीएमसीऐवजी मीटर वाटावे लागतात. पास्विकवरील करार करणाऱ्यांनी हे ओळखले आणि दोन देशांना पाण्याचे अर्धे-अर्धे हिस्से देण्याऐवजी नदीची उभी उंचीच तुकड्यांत कापली.

या कापाकापीपूर्वीचा इतिहास मात्र युद्ध, निकेल आणि जमिनीची खरेदी-विक्री यांनी भरलेला आहे. 1920 मध्ये तार्तूच्या तहाने पेत्सामो हा प्रदेश फिनलंडला मिळाला, आणि त्याबरोबर पास्विकचा पूर्वकाठही. पेत्सामोच्या डोंगरांत निकेलचे मोठे साठे सापडले. निकेल वितळवायला अफाट वीज लागते, म्हणून 1930 च्या दशकाच्या अखेरीस नदीच्या वरच्या भागात यानिस्कोस्की येथे जलविद्युत केंद्राचे काम सुरू झाले आणि युद्धकाळातच, 1942 मध्ये, ते चालू झाले. पोलादाला कणखरपणा देणारे हे निकेल जर्मनीला युद्धसामग्रीसाठी हवे होते. 1944 च्या शरद ऋतूत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जाता जाता हे केंद्र उद्ध्वस्त केले. त्याच वर्षी पेत्सामो सोव्हिएत संघाकडे गेले. परंतु यानिस्कोस्कीचा परिसर फिनलंडच्याच हद्दीत राहिला होता, आणि निकेलचा कारखाना एका देशात व त्याला वीज पुरवणारी जागा दुसऱ्या देशात अशी विचित्र परिस्थिती निर्माण झाली. यावर निघालेला तोडगा आधुनिक काळात क्वचित आढळतो. 1947 मध्ये फिनलंडने यानिस्कोस्की आणि निस्काकोस्की या धबधब्यांभोवतीचा सुमारे 176 चौरस किलोमीटरांचा भूभाग 70 कोटी फिनिश मार्कांना सोव्हिएत संघाला चक्क विकला. नदीची वरची पन्नासेक मीटर उंची अशा रीतीने कोणत्याही वाटाघाटीच्या आधीच एका मालकाच्या ताब्यात आली.

विकलेल्या जागेवर बांधकाम मात्र विकणाऱ्यानेच केले. फिनलंडच्या इमात्रान वोइमा या वीजकंपनीने सोव्हिएत संघासाठी यानिस्कोस्की पुन्हा उभे केले, त्याखाली 1950 च्या दशकाच्या मध्यास रायाकोस्की बांधले आणि 1959 मध्ये सरोवराच्या तोंडाशी कायताकोस्की पुरे केले. युद्धात हरलेल्या देशाने जिंकलेल्या देशासाठी धरणे बांधावीत यात दंडाचा भाग किती आणि व्यवसायाचा किती हे वेगळे काढणे कठीण आहे, पण या कामांतून फिनिश अभियंत्यांनी ध्रुवीय हवामानातील बांधकामाचा मोठा अनुभव गाठीशी बांधला एवढे खरे.

नदीचा उरलेला भाग सीमेवर होता आणि तो विकत घेण्याजोगा नव्हता. पलीकडच्या काठावरील नॉर्वे 1949 पासून नाटोचा सदस्य होता, आणि युरोपच्या उत्तर टोकाला नाटो व सोव्हिएत संघ यांच्या सीमा येथेच एकमेकींना प्रत्यक्ष टेकत होत्या. अशा सीमेवर डिसेंबर 1957 मध्ये दोन्ही देशांनी पास्विकच्या जलशक्तीच्या वापराविषयी करार केला, ही गोष्ट त्या काळाच्या इतर बातम्यांशी ताडून पाहिली की नवलाची वाटते. करारात नदीचे उभे तुकडे केले गेले. समुद्रापासून 21 मीटर उंचीपर्यंतचा सर्वांत खालचा टप्पा सोव्हिएत संघाला मिळाला. 21 मीटरपासून 51.87 मीटरपर्यंतचा मधला टप्पा नॉर्वेला. आणि तेथून 70.32 मीटरपर्यंतचा टप्पा पुन्हा सोव्हिएत संघाला. या वाटणीनुसार नॉर्वेने आपल्या हिश्शाच्या सुमारे 31 मीटरांत 1964 मध्ये स्कोगफॉस आणि 1978 मध्ये मेल्केफॉस बांधले. सोव्हिएत संघाने खाली 1963-64 मध्ये बोरिसोग्लेब्स्क आणि वर 1970 मध्ये हेवोस्कोस्की पुरे केले. वरून खाली येताना कायताकोस्की, यानिस्कोस्की, रायाकोस्की, हेवोस्कोस्की ही चार रशियन केंद्रे, मग मेल्केफॉस आणि स्कोगफॉस ही दोन नॉर्वेजियन आणि शेवटी पुन्हा रशियन बोरिसोग्लेब्स्क असा हा क्रम आहे.

51.87 किंवा 70.32 असे सेंटिमीटरपर्यंतचे आकडे करारात का घालावे लागले, याचे उत्तर फुगवटा या शब्दात आहे, आणि अलमट्टीच्या वादामुळे सांगली-कोल्हापूरकडील वाचकांना तो शब्द वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. खालच्या बंधाऱ्याने पाणी अडवले की त्याची पातळी मागे मागे चढत जाते, आणि ती वरच्या केंद्राच्या पायथ्याशी पोहोचली की त्या केंद्राचे शीर्ष तेवढ्याने घटते. म्हणजे खालच्या शेजाऱ्याने आपला साठा अर्धा मीटर जरी चढवला, तरी वरच्या शेजाऱ्याची वीज प्रत्यक्षात चोरली जाते, तीही कोणाच्या भिंतीला हात न लावता. अठरा-वीस मीटरांच्या शीर्षात अर्धा मीटर म्हणजे अडीच टक्क्यांहून अधिक. दहा मीटरांच्या शीर्षात तो पाच टक्के होतो. उंच धरणांच्या प्रकल्पात जी घट हिशेबात दिसणारही नाही, ती कमी शीर्षाच्या केंद्रात वर्षभराच्या उत्पन्नावर दिसते. म्हणून सीमेवरील लहान केंद्रांच्या करारांत पातळीची मोजपट्टी कोठे रोवायची, ती कोणत्या आधारपृष्ठापासून मोजायची आणि कोणी वाचायची, या रूक्ष वाटणाऱ्या कलमांना शांततेच्या आश्वासनांपेक्षा अधिक वजन असते.

सीमारेषेचा प्रश्न याहून नाजूक होता. नद्यांवरील सीमा सामान्यतः पात्राच्या सर्वांत खोल भागातून जाते असे मानले जाते, कारण नौकांची वाट तीच असते. बंधारा बांधला की वरचे पात्र रुंद होते, जुने काठ बुडतात, आणि जिथे पाणी दोन्ही बाजूंना सारखे चढत नाही तिथे पाण्याचा मध्य आणि जुनी सीमा एकमेकांपासून दूर जातात. यावर व्यवहार्य तोडगा एकच असतो, तो म्हणजे पाणी कोठेही पसरले तरी सीमा जुन्या पात्राच्या नोंदीप्रमाणेच राहील असे आधी ठरवणे. त्याशिवाय बंधाऱ्याचे दुसरे टोक, बुडणारी जमीन आणि बांधकामाच्या मजुरांना पलीकडच्या काठावर पाय ठेवण्याची परवानगी यांची तजवीज वेगळी करावी लागते. भारताला याचा अनुभव टनकपूरला आला. महाकाली नदीवरील टनकपूर बंधाऱ्याचा डावा बांध नेपाळच्या उंच जमिनीला टेकवावा लागला, आणि 577 मीटर लांबीच्या त्या बांधाने नेपाळमध्ये जो वाद उठवला तो 1996 च्या महाकाली तहात नेपाळला वर्षाला सात कोटी युनिट वीज विनामूल्य देण्याचे ठरल्यानंतरच कागदोपत्री निवला. जमीन तीन हेक्टरांच्या आतबाहेर होती. दुसऱ्याच्या काठाला बंधाऱ्याचे टोक टेकवण्याआधी बोलणी पुरी करायची की नंतर, या एका बाबतीत पास्विक आणि महाकाली यांच्यात पडलेले अंतर फार मोठे आहे.

पास्विकच्या मुखाजवळील बोरिसोग्लेब्स्क केंद्राला ही अडचण आलीच नाही, आणि त्याचे श्रेय एका लहानशा प्रार्थनामंदिराला द्यावे लागते. 1826 मध्ये रशिया आणि स्वीडन-नॉर्वे यांच्यात ही सीमा प्रथम आखली गेली तेव्हा नदीच्या पश्चिम काठावर संत बोरिस आणि संत ग्लेब यांच्या नावाचे एक जुने रशियन ऑर्थोडॉक्स देऊळ होते. ते रशियाकडे राहावे म्हणून सीमारेषा नदी सोडून पश्चिमेला वळवण्यात आली आणि सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरांचा एक तुकडा पलीकडच्या काठावर रशियाचा राहिला. शंभराहून अधिक वर्षांनी त्या तुकड्यामुळेच नदीच्या शेवटच्या धबधब्याचे दोन्ही काठ सोव्हिएत हद्दीत आले आणि बंधाऱ्याच्या दोन्ही टोकांना एकाच देशाची माती मिळाली. केंद्राचे बांधकाम मात्र नॉर्वेजियन कंपन्यांनी केले. त्यांच्या कामगारांसाठी उभारलेल्या इमारतींत 1965 च्या उन्हाळ्यात सोव्हिएत अधिकाऱ्यांनी नॉर्वेजियन नागरिकांना व्हिसाशिवाय येऊ देणारे पर्यटनस्थळ उघडले. तेथील स्वस्त दारूने गर्दी जमली. तिच्या पाठोपाठ हेरगिरीच्या शंका आल्या, आणि दोन महिने होतात न होतात तोच हा प्रयोग बंद पडला. विजेच्या तारांचे नाते याहून चिवट ठरले, कारण बोरिसोग्लेब्स्क ते किर्केनेस या वाहिनीवरून रशियन वीज अनेक वर्षे नॉर्वेच्या या टोकाला मिळत राहिली.

उंची वाटली तरी वेळ वाटायची राहतेच. पास्विकच्या पाणलोटात वर्षाचे सहा-सात महिने बर्फ साचून राहतो आणि मे-जूनमध्ये तो एकाएकी वितळतो. विजेची मागणी मात्र नेमकी हिवाळ्यात, घरे उबवण्यासाठी, शिगेला असते. नैसर्गिक नदी या मागणीच्या उलट वागते. ही विसंगती मिटवायची तर उन्हाळ्यातील पाणी कोठे तरी धरून ठेवून हिवाळ्यात सोडले पाहिजे, आणि ते धरून ठेवण्याची जागा म्हणजे फिनलंडमधील इनारी सरोवर. सरोवराची पातळी कायताकोस्कीच्या दरवाजांनी राखली जाते; ते दरवाजे 1947 मध्ये विकलेल्या भूमीवर, म्हणजे रशियाच्या हातात आहेत; आणि त्यांतून सुटणाऱ्या पाण्यावर खाली नॉर्वेची दोन केंद्रे चालतात. एका देशाचे सरोवर, दुसऱ्याचा दरवाजा आणि तिसऱ्याचे टर्बाइन अशी ही गुंतागुंत असल्याने एप्रिल 1959 मध्ये मॉस्को येथे तिन्ही देशांनी मिळून वेगळा करार केला. त्यानुसार इनारीची पातळी 115.67 मीटरांच्या खाली आणि 118.03 मीटरांच्या वर जाऊ द्यायची नाही असे ठरले.

या दोन आकड्यांतील फरक 2.36 मीटरांचा आहे. कोणत्याही धरणाच्या मानाने तो किरकोळ वाटेल, पण हजार चौरस किलोमीटरांहून मोठ्या पृष्ठभागावर तो पसरला की त्यात सुमारे 2,450 दशलक्ष घनमीटर, म्हणजे 85 टीएमसीच्या आसपास पाणी मावते. कोयनेचे शिवसागर जलाशय पूर्ण भरल्यावर त्यात 105 टीएमसी पाणी असते हे लक्षात घेता, एकही उंच भिंत न बांधता मिळालेला हा साठा केवढा आहे याची कल्पना येते. धावत्या पाण्यावर चालणाऱ्या लहान केंद्रांना स्वतःचा मोठा साठा नसतो. ती आलेले पाणी साधारणपणे त्याच दिवशी सोडून देतात. साखळीच्या माथ्यावर असे एखादे सरोवर असले तर मात्र खालच्या प्रत्येक केंद्राला त्याच साठ्याचा लाभ आपापल्या शीर्षाच्या प्रमाणात मिळतो आणि एकच पाणी सात वेळा कामाला येते. अर्थात दरवाजा ज्याच्या हाती त्याची सोय सर्वांना सोसावी लागते. वरच्या केंद्रांनी दिवसाच्या वाढीव मागणीसाठी पाणी एकदम सोडले तर ते मधल्या दोन नॉर्वेजियन केंद्रांना तसेच घ्यावे लागते, आणि त्यांनी ते कसे सोडले यावर बोरिसोग्लेब्स्कचा दिवस अवलंबून राहतो. दोन्ही देशांचे टप्पे असे एकाआड एक गुंफले गेल्याने कोणालाही दुसऱ्याची वीज बुडवून आपली वाढवता येत नाही. कराराच्या टिकाऊपणाचे श्रेय कदाचित सद्भावनेपेक्षा या रचनेलाच अधिक द्यावे लागेल.

ध्रुवीय हिवाळ्याची आणखी एक अडचण उष्ण देशातील अभियंत्याच्या कल्पनेत सहसा येत नाही. उघडे, वेगाने वाहणारे पाणी गोठणबिंदूच्या किंचित खाली थंड झाले की त्यात बर्फाचे बारीक, चिकट कण तयार होतात. ते पाण्याबरोबर वाहत येऊन टर्बाइनच्या तोंडावरील लोखंडी जाळीला चिकटतात आणि काही तासांत जाळी बंद करून टाकतात. यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे पाण्याचा वेग कमी करून त्यावर लवकर बर्फाचा अखंड थर धरू देणे, कारण थराखालचे पाणी पुढे फारसे थंड होत नाही. म्हणजे बंधाऱ्यामागचा संथ साठा येथे केवळ उंची मिळवून देत नाही, तर यंत्रांचा हिवाळ्यापासून बचावही करतो. याची दुसरी बाजू अशी की पाण्याची पातळी वरचेवर हलवली की तो थर तडकतो, आणि पूर्वी लोक व रेनडिअर ज्या गोठलेल्या नदीवरून निर्धास्त जात असत ती बेभरवशाची होते.

उंची वाटून घेण्याची कल्पना पास्विकवरच प्रथम सुचली असे नाही. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या सीमेवरील दोउरो नदीच्या खोल दरीबाबत 1927 च्या करारात हाच मार्ग निवडला गेला : सीमेवरील वरचा टप्पा पोर्तुगालला आणि खालचा स्पेनला. मिरांडा, पिकोते आणि बेम्पोस्ता ही पोर्तुगीज केंद्रे आणि अल्देआदाविला व सौसेये ही स्पॅनिश केंद्रे त्या वाटणीतून पुढे उभी राहिली. या पद्धतीत प्रत्येक देश आपल्या पैशाने बांधतो, आपली वीज आपल्या तारांवर घालतो आणि शेजाऱ्याशी हिशेब ठेवण्याचे प्रसंग कमी येतात. जेथे नदीवर एकच चांगली जागा असते तेथे हे शक्य नसते. ऱ्हाईनवर लाउफेनबुर्ग येथे 1914 मध्ये पूर्ण झालेल्या केंद्राची वीज स्वित्झर्लंड आणि जर्मनी यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. आफ्रिकेत कागेरा नदीच्या रुसुमो धबधब्यावर, रवांडा आणि टांझानिया यांच्या सीमेवर, उभारलेले 80 मेगावॅटचे केंद्र तर बुरुंडीसह तीन देशांच्या संयुक्त कंपनीचे असून त्याची वीज तिघांना समसमान मिळते. एकत्र मालकी ऐकायला अधिक उदात्त वाटते. पण तिच्यात कर्जाची हमी, नोकरभरती, दुरुस्तीचा खर्च आणि थकबाकी असे रोजचे वाद एका छपराखाली येतात, आणि तीन देशांच्या संमतीवाचून एक जनित्रही बदलता येत नाही. सीमेचे दोन्ही काठ एकमेकांकडे संशयाने पाहत असतील तर दोउरो आणि पास्विक यांची अलिप्त पद्धतच बरी, असे या उदाहरणांवरून म्हणता येते.

ज्या निकेलसाठी ही सारी खटपट सुरू झाली त्याचा नदीजवळील निकेल या गावातील वितळकारखाना डिसेंबर 2020 मध्ये बंद झाला. त्याच्या धुरातील गंधकाने सीमेच्या दोन्ही बाजूंची जंगले अनेक दशके जाळली होती, आणि नॉर्वेतील लोकांनी त्याविरुद्ध मोठी चळवळही उभारली होती. केंद्रे मात्र चालूच आहेत. त्यांना गिऱ्हाईक बदलले तरी चालते.

नदीला मात्र ही केंद्रे मानवली नाहीत. पास्विकचे बहुतेक धबधबे आणि खळाळ साठ्यांखाली गेले आणि ती एकाखाली एक असलेल्या तलावांची पायरीवाट झाली. बोरिसोग्लेब्स्कजवळच्या धबधब्यावर स्कोल्ट सामी लोकांची सामन माशांची पिढीजात मासेमारी होती. 1826 च्या सीमेने त्यांचा प्रदेश दुभंगला, पेत्सामो गेल्यावर त्यांतील अनेकांना फिनलंडमध्ये इनारीच्या परिसरात वसवण्यात आले, आणि धबधबा बांधला गेला तेव्हा त्यावर हक्क सांगायला त्यांच्यापैकी फारसे कोणी काठावर उरले नव्हते. वाटाघाटींच्या मेजावर तीन देश दावेदार होते, हा चौथा दावेदार नव्हता. ट्राउट जातीचा मासा वाहत्या, उथळ पाण्यातील खडीत अंडी घालतो; ती खडी आता कित्येक मीटर पाण्याखाली, गाळात आहे. म्हणून नॉर्वेच्या बाजूला नदीत हे मासे बाहेरून आणून सोडावे लागतात, आणि इनारी सरोवरातही पातळीच्या चढउताराने झालेल्या नुकसानीपोटी फिनलंडच्या शासनाला 1970 च्या दशकापासून दरवर्षी मत्स्यबीज सोडावे लागत आहे. त्याच सरोवराच्या खोऱ्यात माणसांनी सोडलेला व्हेंडेस नावाचा एक लहान चंदेरी मासा नदीबरोबर खाली उतरला आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीस पास्विकमध्ये दिसू लागला. संथ, खोल साठे त्याला मानवले, आणि मूळच्या व्हाइटफिश माशाला त्याने बऱ्याच ठिकाणी मोकळ्या पाण्यातील त्याच्या नेहमीच्या खाद्यापासून हुसकावून लावले. मोठे ट्राउट आता याच नवख्या माशावर पोसतात.